‘ढोपर दुखता’ : किशोरवयातील खुब्याचा एक विकार आणि वेदनेची भाषा

शरीरावयवांची नावे ही कोणत्याही भाषेतील सर्वांत स्थिर नावे होत, असे मानण्याचा भाषाभ्यासात प्रघात आहे. बोलींची तुलना करताना संख्यावाचके, नातेवाचके आणि अवयवनामे यांच्या याद्या प्रथम केल्या जातात, त्याचे कारण हेच. परंतु नाव स्थिर असले, तरी त्या नावाने शरीराचा जो भाग दाखविला जातो त्याच्या सीमा स्थिर असतातच असे नाही. लॅटिनमधील खुब्याचे नाव ‘कॉक्सा’ आणि संस्कृतमधील बगलेचे नाव ‘कक्ष’ ही एकाच मूळ शब्दाची रूपे होत. मराठीतील ‘काख’ त्याच कुळातली. म्हणजे एकच शब्द एका भाषेत शरीराच्या खालच्या सांध्यावर स्थिरावला आणि दुसरीत वरच्या. अशा सीमांचा प्रश्न सामान्यतः कोशकाराचा समजला जातो. प्रस्तुत लेखात तो एका रोगाच्या संदर्भात मांडावयाचा आहे. कारण त्या रोगात मूल ज्या अवयवाचे नाव घेते तो अवयव आणि रोगाची खरी जागा यांची फारकत होते, आणि ही फारकत वेळीच ओळखली न गेल्यास मुलाचा सांधा कायमचा बिघडतो.

विवेचनासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा, म्हणजे देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे तालुके, समोर ठेवले आहेत. १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची बोली मालवणी अथवा कुडाळी या नावाने परिचित आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) तिला कोकणीच्या अंतर्गत स्थान मिळाले, पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत १९६५ मध्ये ‘कुडाळी’वर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. या किनाऱ्यावरील आजारी मुलाची तक्रार घरात मालवणीत उच्चारली जाते, शाळेत व सरकारी दवाखान्यात प्रमाण मराठीत सांगितली जाते आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहिली जाते. सरहद्द ओलांडून गोव्यातील रुग्णालयात जावे लागले, तर तीत कोकणीचीही भर पडते. एवढ्या भाषांतरांतून जाणाऱ्या वाक्याचे काय होते, हा भाषाभ्यासकाच्या कक्षेतील प्रश्न होय.

विकाराचे स्वरूप

खुब्याचा सांधा हा मांडीच्या हाडाचे गोल मस्तक आणि कटीच्या हाडातील खोलगट वाटी यांचा मिळून बनतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले असून काख, वंक्षण आणि दात यांच्या ठिकाणच्या सांध्यांना ‘उलूखल’ ही संज्ञा दिली आहे. शालेय पुस्तकांतील ‘उखळीचा सांधा’ हा शब्द त्याच कल्पनेचा होय. ही उपमा पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून ती येथेच ध्यानात घ्यावी : वाटी म्हणजे उखळ, आणि मस्तक व त्याखालची बारीक मान म्हणजे उखळात बसलेले मुसळाचे टोक.

वाढत्या वयात मस्तक आणि मान यांच्यामध्ये कूर्चेची एक पातळ चकती असते. हाडाची लांबी तिच्यामुळे वाढते, म्हणून तिला ‘वाढीची कूर्चा’ म्हणावयास हरकत नाही. वाढ पूर्ण झाल्यावर ती हाडात रूपांतरित होऊन नाहीशी होते. परंतु वयाच्या सुमारे दहाव्या ते सोळाव्या वर्षांच्या दरम्यान, वाढीचा वेग अधिक असताना, ही चकती हाडाच्या मानाने दुबळी असते. शरीराचे वजन अधिक असेल, किंवा अवटु ग्रंथी, वाढीचे संप्रेरक, मूत्रपिंड यांपैकी कशाचा बिघाड असेल, तर तिच्यावरील ताण तिच्या शक्तीबाहेर जातो आणि मस्तक व मान यांचा एकमेकांशी असलेला संबंध हळूहळू ढळू लागतो. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील अभ्यासकांनी २०१३ मध्ये अशा १५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तीत ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी या विकाराचा संबंध दाखविला आहे. भारतीय वाचकाने या निरीक्षणाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण केवळ स्थूल मुलांचा रोग अशी जी त्याची ओळख आहे ती त्यामुळे अपुरी ठरते.

रँडल लोडर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुराष्ट्रीय पाहणीत १,६३० मुलांची नोंद आहे. मुलांचे सरासरी वय १३.५ वर्षे, मुलींचे १२ वर्षे. सुमारे एक पंचमांशाहून अधिक मुलांत दोन्ही खुबे बाधित. याच पाहणीत वंशगटांची तुलना असून गोऱ्या मुलांतील प्रमाण १ धरले, तर भारतीय उपखंडाचा ज्यात समावेश होतो त्या गटातील प्रमाण ०.१ इतके अल्प दिसते. हा आकडा दिलासा देणारा वाटला, तरी त्याची दुसरी बाजू आहे. जो रोग क्वचित दिसतो तो क्वचितच आठवतो. किनाऱ्यावरील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यास अनेक वर्षांत असा एकही रुग्ण भेटला नसण्याची शक्यता असते, आणि म्हणून जेव्हा तो येतो तेव्हा त्याची तक्रार कोणत्या शब्दांत येते याला अधिकच महत्त्व प्राप्त होते.

नावाची दिशाभूल

या विकाराच्या नावांचा इतिहास उद्बोधक आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे यांच्या १५७२ मधील लेखनात त्याचा पहिला उल्लेख आढळतो, असे वैद्यकाचे इतिहासकार सांगतात. १८८८ मध्ये जर्मन शल्यवैद्य एर्न्स्ट म्युलर यांनी त्याचे वर्णन तरुण वयात मांडीच्या हाडाच्या मानेला येणारा बाक अशा शब्दांत केले. पुढे ‘किशोरांचा कॉक्सा व्हारा’ हे लॅटिन वळणाचे नाव रूढ झाले, आणि त्यानंतर मस्तक ‘घसरले’ असे सांगणारे आजचे इंग्रजी नाव आले. पहिल्या नावांनी आकृती सांगितली, नंतरच्या नावाने गती सांगितली. परंतु ती गती उलटी सांगितली. कारण मस्तक आपल्या वाटीतच असते. ढळते ती मान. ती पुढे व वर सरकते आणि बाहेरच्या अंगास वळते. क्ष-किरणांच्या चित्रात मात्र मस्तक मागे व खाली घसरल्यासारखे दिसते. पाहणाऱ्याची नजर मांडीचे हाड स्थिर धरते, म्हणून नाव तसे पडले. किनारा सरकतो असे होडीतून वाटावे, तशातलाच हा प्रकार होय.

मराठीत नाव द्यावयाचे तर कोणते क्रियापद निवडावे? ‘निखळणे’ म्हटले की मस्तक वाटीबाहेर आले असा अर्थ होतो, आणि तो येथे चुकीचा आहे. ‘मोडणे’ या शब्दात एका क्षणीचा आघात आहे. ‘घसरणे’ या क्रियेस उतार लागतो आणि तीत अपघाताची छटा येते. ‘सरकणे’ हे क्रियापद सावकाश, कळत न कळत होणारे स्थानांतर दाखविते. बहुसंख्य रुग्णांत घडते ते हेच. यास्तव ‘खुब्याच्या हाडाची मान सरकणे’ हे वर्णन, संस्कृतप्रचुर संज्ञेइतके भारदस्त नसले, तरी अधिक खरे आहे. अर्थात् ‘मान’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याचे लक्ष गळ्याकडे जाऊ नये म्हणून ‘खुब्याच्या हाडाची’ हे विशेषण गाळून चालणार नाही.

वेदनावाक्याची रचना

नावाचा प्रश्न वैद्याचा. परंतु त्याआधी येतो तो प्रश्न मुलाच्या वाक्याचा. या विकारातील वेदना पुष्कळदा खुब्यात न जाणवता मांडीच्या पुढच्या भागात किंवा गुडघ्यात जाणवते. इंग्रज शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांत असा नियम मांडला की, ज्या मज्जातंतूच्या शाखा एखाद्या सांध्याला हलविणाऱ्या स्नायूंना जातात, त्याच्याच शाखा त्या सांध्यालाही जातात. खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांना समान मज्जातंतूंच्या शाखा पोहोचतात. त्यामुळे खुब्यातून निघालेली संवेदना मेंदूला गुडघ्याची वाटू शकते. मुलाची तक्रार खोटी नसते. गुडघा त्याला खरोखरच दुखतो. फक्त तेथे रोग नसतो.

आता ही संवेदना ज्या वाक्यात बसते त्याची रचना पाहावी. ‘माझा गुडघा दुखतो’ या मराठी वाक्यात गुडघा हा कर्ता आहे. ‘दुखणे’ हे क्रियापद अकर्मक असून ज्या भागात वेदना जाणवते तोच भाग वाक्याचा धनी होतो आणि क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते : गुडघा दुखतो, मांडी दुखते, डोके दुखते, पाय दुखतात. या रचनेत वेदनेची जागा आणि वेदनेचे कारण यांच्यामध्ये व्याकरणाने जागाच ठेवलेली नाही. त्या जागेसाठी मराठीत दुसरी रचना आहे, ती ‘कळ’ या नामाची. ‘जांघेतून कळ येते आणि गुडघ्यात उतरते’ या वाक्यात उगम, मार्ग आणि शेवट हे तिन्ही स्वतंत्र शब्दांनी आणि विभक्तिप्रत्ययांनी दाखविले जातात. प्रौढ माणूस कंबरेच्या जुन्या दुखण्याविषयी बोलताना ही रचना सहज वापरतो. परंतु ‘काय होतंय?’ या प्रश्नाला मूल पहिल्या रचनेनेच उत्तर देते, कारण ती सर्वांत सोपी असते. ऐकणाराही ती तशीच स्वीकारतो आणि गुडघ्याकडे वळतो.

मालवणीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. प्रमाण मराठीतील वर्तमानकाळी क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. मालवणीत ‘तो जाता’, ‘ती जाता’ असे एकच रूप चालते. त्यामुळे मराठी बोलणाऱ्या मुलाने कर्ता न उच्चारता नुसते ‘दुखतो’ म्हटले, तर गुडघा, पाय किंवा खुबा यांपैकी काहीतरी पुल्लिंगी नाम मनात आहे आणि ‘दुखते’ म्हटले तर मांडी अथवा कंबर असावी, एवढा तरी धागा हाती लागतो. मालवणीतील ‘दुखता’ या रूपाने तोही धागा मिळत नाही. ‘ढोपर दुखता’, ‘मांडी दुखता’, ‘पाय दुखता’ ही तिन्ही वाक्ये क्रियापदाच्या दृष्टीने सारखीच. म्हणून मालवणी बोलणाऱ्या मुलाकडून अवयवाचे नाव स्पष्टपणे वदवून घेणे, आणि तेवढ्यावर न थांबता हाताने जागा दाखवावयास सांगणे, अधिक अगत्याचे ठरते.

अवयवनामांच्या सीमा

नाव वदवून घेतले, तरी त्या नावाच्या सीमा कोठपर्यंत आहेत हे पाहावे लागते. मराठीत ‘पाय’ म्हणजे तळव्यापासून थेट खुब्यापर्यंतचा संपूर्ण अवयव, आणि ‘पाय’ म्हणजे घोट्याखालचा भागही. ‘पाय दुखतो’ या तक्रारीत अनेक सांधे सामावतात. ‘कंबर’ हा फारसीतून आलेला शब्द मूळचा शरीराच्या मध्याचा; पण बोलण्यात तो पाठीच्या खालच्या भागापासून खुब्यापर्यंत पसरतो. ‘मांडी’ हा अवयव आहे, तसेच ते आसनही आहे. ‘जांघ’ म्हणजे मराठीत मांडी आणि ओटीपोट यांच्यामधील खाच. हिंदीत मात्र तोच शब्द सबंध मांडीचा वाचक आहे. त्यामुळे हिंदीतून विचारणारा परिचारक आणि मराठीतून उत्तर देणारी आई एकच शब्द वापरूनही दोन वेगळ्या जागांविषयी बोलू शकतात. गुडघ्यास मालवणीत ‘ढोपर’ म्हणतात आणि गोव्याच्या कोकणीत ‘दिंबी’.

खुब्याची स्थिती या सर्वांत बिकट आहे. ‘खुबा’ हा शब्द मराठीत आहे. परंतु तो म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याशी आणि मोडण्याशी इतका जोडला गेला आहे, की तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी तो सहसा येत नाही. खुब्याचा सांधा वरून दिसत नाही, हाताला लागत नाही; त्याच्या आसपासची जी नावे आहेत ती एका बाजूस जांघेची आणि दुसऱ्या बाजूस ढुंगणाची, म्हणजे चारचौघांत उच्चारावयास संकोच वाटणारी. वयात येणाऱ्या मुलाने किंवा मुलीने वडीलधाऱ्यांसमोर अथवा शिक्षकांसमोर ती न उच्चारणे स्वाभाविक होय. अशा प्रकारे वेदनेला खाली नेणारी दोन कारणे एकत्र येतात : एक मज्जातंतूंचे आणि दुसरे लज्जेचे. पहिले कारण सर्व देशांत सारखे आहे. दुसरे भाषेगणिक बदलते. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ टक्के मुलांची पहिली तक्रार गुडघ्याची अथवा त्याच्या लगतच्या मांडीची होती, आणि अशा मुलांत निदान चुकण्याचे व सरकण अधिक वाढलेली आढळण्याचे प्रमाण जास्त होते. बॉस्टन येथील २००४ मधील १९६ रुग्णांच्या अभ्यासात तक्रार सुरू झाल्यापासून निदानापर्यंतचा मध्यक काळ आठ आठवड्यांचा निघाला, आणि गुडघ्याच्या तक्रारीने आलेल्या मुलांत तो अधिक लांबला. रुग्णालये जवळ आणि साधने भरपूर असलेल्या ठिकाणची ही स्थिती आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

चालण्याविषयीच्या शब्दांचाही येथे विचार करावयास हवा. या विकारात मूल लंगडते आणि त्याचे पाऊल बाहेरच्या अंगास वळते. ‘लंगडा’, ‘फेंगडा’ ही मराठी विशेषणे माणसाला कायमची चिकटतात. गावात ती टोपणनावे बनतात. विशेषण गुण सांगते, त्याचा आरंभ सांगत नाही. ‘तो फेंगडाच चालतो’ या वाक्याने लक्षण स्वभावात जमा होते. उलट ‘गणपतीपासून तो लंगडू लागला’ या वाक्यातील ‘लागणे’ हे सहायक क्रियापद आरंभ नोंदविते. वैद्याला हवे असते ते हे दुसरे वाक्य. विशेषण ऐकले की ‘केव्हापासून?’ असे विचारून त्याचे क्रियापद करून घेणे, ही साधी भाषिक कृती निदानाच्या दृष्टीने मोलाची आहे.

‘दुखणे’ आणि ‘अडणे’

वेदना जागेविषयी फसविते. हालचाल सहसा फसवीत नाही. मान पुढे सरकली की मस्तक आणि मान यांच्यामधील मूळचा अंतर्वक्र आकार भरून निघतो आणि तेथे उंचवटा तयार होतो. मुसळाचे टोक उखळात तिरके बसले, की मुसळ एका बाजूस कलताच त्याची बाजू उखळाच्या काठावर आदळते. तद्वत खुबा वाकविताना हा उंचवटा वाटीच्या काठावर अडतो. ही अडचण टाळण्यासाठी मुलाचा पाय वाकताना आपोआप बाहेर फिरतो. जर्मन वैद्य ड्रेमान यांच्या नावाने हे चिन्ह ओळखले जाते : मुलाला उताणे निजवून त्याचा गुडघा छातीकडे नेला, तर तो सरळ न जाता त्याच बाजूच्या खांद्याकडे, बाहेर, झुकतो.

हाडे अशा रीतीने एकमेकांस अडण्याची कल्पना नवी नाही. बॉस्टनचे स्मिथ-पीटरसन यांनी १९३६ मध्येच, जुन्या सरकलेल्या खुब्यांचाही समावेश असलेल्या रुग्णांत, वाटीचा काठ कमी करण्याची शस्त्रक्रिया वर्णिली होती. १९७५ मध्ये स्टुलबर्ग यांनी अशा हाडाच्या आकृतीला पिस्तुलाच्या मुठीची उपमा दिली. परंतु या अडण्यामुळेच पुढे सांधा झिजतो, हा विचार सर्वमान्य होण्यास राइनहोल्ड गांझ आणि त्यांचे बर्न येथील सहकारी यांचा २००३ मधील लेख कारण झाला. दरम्यान जॉर्ज रॅब यांनी १९९९ मध्ये सरकलेल्या खुब्याची भूमिती मांडून दाखविले की, हाडाचा उंचवटा दोन प्रकारे वागतो. सरकण मोठी असेल, तर तो वाटीच्या काठावर बाहेरून आपटतो. ती लहान असेल, तर तो काठाखालून सांध्यात शिरतो आणि आतील कूर्चा घासतो. यावरून ‘थोडेच सरकले आहे’ या वाक्यात समाधान मानण्यासारखे काही नाही, हे स्पष्ट होईल.

या घटनेस मराठीत ‘अभिघात’ म्हणावे, तर एकाच आघाताचा बोध होतो. वस्तुतः हे घासणे वर्षानुवर्षे, प्रत्येक वाकण्यागणिक चालते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ‘घासणे’ आणि रुग्णाच्या दृष्टीने ‘अडणे’ ही दोन्ही क्रियापदे भाषेत पूर्वीपासून आहेत आणि ती पुरेशी आहेत. ‘दुखणे’ या क्रियापदाने जाणिवेची जागा कळते. ‘अडणे’ या क्रियापदाने सांधा कळतो. गुडघ्याचा रोग असलेल्या मुलाला खुबा आतल्या अंगास वळविताना अडत नाही.

येथे आपल्या बसण्याच्या पद्धतींचा विचार अपरिहार्य होतो. मांडी घालून बसताना दोन्ही गुडघे बाहेर पडतात, म्हणजे सरकलेल्या खुब्याला जी दिशा सोयीची तीच या आसनाची दिशा होय. त्यामुळे असे मूल पंगतीला किंवा भजनाला इतरांबरोबर मांडी घालून बसलेले दिसू शकते, आणि ‘मांडी तर घालतो, मग पायाला काय झालेय?’ असा समज होतो. परंतु गुडघे जुळवून उकिडवे बसणे, वज्रासनात बसणे, बाकावर बसून चपलेचा पट्टा लावण्यासाठी सरळ वाकणे, या हालचालींत तो पाय बाहेर पळतो किंवा अडतो. मासे कापताना विळीवर, म्हणजे मालवणीतील आडाळ्यावर, एक गुडघा उभा धरून बसणारी मुलगी, किंवा रापणीचे जाळे ओढताना पुढचा पाय सरळ रोवणारा मुलगा, नकळत त्या पायाऐवजी दुसरा पाय वापरू लागतो. घरातील माणसांना हा बदल दिसतो, पण तो दुखण्याचा भाग आहे असे वाटत नाही, म्हणून तो सांगितला जात नाही. तो विचारावा लागतो.

काळाचे महत्त्व

उशिराने होणारे नुकसान कोणत्या स्वरूपाचे आहे, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. लोडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या विकाराचे दोन वर्ग केले. ज्या मुलास चालता येते, मग कुबडीच्या आधाराने का होईना, त्याची सरकण स्थिर; ज्यास कुबडी घेऊनही पाऊल टाकता येत नाही त्याची अस्थिर. त्यांच्या मालिकेतील ३० अस्थिर खुब्यांपैकी १४ खुब्यांत मस्तकाचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत झाले. २५ स्थिर खुब्यांत असे एकदाही घडले नाही. स्थिर सरकण केव्हाही, एखाद्या साध्या ठेचेनेही, अस्थिर होऊ शकते. गुडघ्याला तेल लावून चोळण्यात, ‘अंगाला वाढ लागली की पाय दुखतातच’ असे म्हणण्यात किंवा शाळेच्या खेळांतून सवलत देऊन वाट पाहण्यात जे आठवडे जातात, ते या दोन वर्गांमधील अंतर कमी करणारे आठवडे असतात.

निदान झाल्यावर मुलाने त्या पायावर भार देऊ नये आणि स्थिर सरकण असल्यास ती जोराने पूर्वस्थितीत आणण्याचा प्रयत्न न करता, एक स्क्रू घालून मस्तक व मान आहेत त्या स्थितीत जखडावी, ही सर्वसाधारण पद्धत आहे. सरकण तेवढ्यावर थांबते. परंतु झालेली विकृती राहते. वाढत्या वयात हाडाचा आकार काही अंशी सुधारतो. जेथे अडणे राहते तेथे उंचवटा तासणे, खुब्याखाली हाड कापून त्याची दिशा बदलणे — इम्हॉयजर यांनी १९५७ मध्ये व साउथविक यांनी १९६७ मध्ये वर्णिलेल्या पद्धती या वर्गातील होत — किंवा सांधा उघडून मस्तकच जाग्यावर बसविणे, अशा उत्तरोत्तर अवघड शस्त्रक्रिया उरतात. त्या निष्णात हातांच्या आहेत आणि जोखमीच्या आहेत. पहिल्या महिन्यात ओळखलेल्या खुब्यास त्यांची गरज कमी पडते.

किनाऱ्यावरील गावातून ही वाट प्राथमिक आरोग्य केंद्र, मालवणसारखे ग्रामीण रुग्णालय, कणकवली अथवा सावंतवाडीचे उपजिल्हा रुग्णालय आणि ओरोसचे जिल्हा रुग्णालय अशी जाते. ओरोस येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुष्कळ रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात. या वाटेवर केसपेपरच्या पहिल्या ओळीत ‘गुडघेदुखी’ हा शब्द एकदा उमटला की तो पुढच्या प्रत्येक ठिकाणी वाचला जातो, क्ष-किरण चित्र गुडघ्याचे काढले जाते, आणि ते निर्दोष निघते. मुलाच्या एका वाक्याचे झालेले ते भाषांतर पुढे पुरावा म्हणून वावरू लागते. दोन्ही खुब्यांची दोन चित्रे, एक समोरून आणि दुसरे बेडकासारखे पाय पसरून, काढली तर बहुधा निर्णय होतो. परंतु ती काढावीत असे वाटावयास आधी प्रश्न बदलावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन प्रश्न निष्पन्न होतात, आणि ते मुलाच्या बोलीत विचारले गेले पाहिजेत. पहिला, आरंभाचा : ‘कधीपासून लंगडूक लागलो?’ दुसरा, जागेचा, परंतु शब्दाऐवजी हाताने उत्तर मागणारा : ‘खंय दुखता ता हात लावन दाखय.’ तिसरा आणि सर्वांत निर्णायक, हालचालीचा : ‘दोनय ढोपरा जुळवन उकिडवा बसाक येता?’ हे प्रश्न विचारण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही; आशा स्वयंसेविका, शाळेतील शिक्षक किंवा घरातील आजीही ते विचारू शकते. मात्र ज्याच्या पायाला भारच सोसत नाही त्या मुलास उकिडवे बसवून पाहण्याचा आग्रह धरू नये. त्याला उचलूनच रुग्णालयात न्यावे. इतरांबाबत नियम एवढाच की, दहा ते सोळा वर्षांच्या मुलाने गुडघ्याची तक्रार केली आणि गुडघ्यात काही सापडले नाही, तर खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने यातून निघणारे काम वेगळे आहे आणि ते करावयाचे राहिले आहे. बोलींच्या सर्वेक्षणात अवयवनामांची यादी करताना ‘याला काय म्हणतात?’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. त्या नावाची सीमा शरीरावर कोठे सुरू होते व कोठे संपते, ते नाव कोण कोणासमोर उच्चारतो, आणि वेदनेच्या वाक्यात ते कोणत्या विभक्तीत येते, हेही नोंदले पाहिजे. मालवणी, कोकणी आणि प्रमाण मराठी यांच्यासाठी अशी नोंद शरीराच्या रेखाकृतीवर तयार झाली, तर ती कोशकारास उपयोगी पडेलच. पण ओरोसच्या किंवा बांबोळीच्या तपासणी खोलीत, मालवणी न येणाऱ्या तरुण डॉक्टरासमोर बसलेल्या मुलाचे वाक्य तिच्यामुळे पहिल्याच भेटीत नीट वाचले जाईल.